सर, आधी फेरफार वाचा

सर, तुम्ही प्राध्यापक, आमच्यावर संशोधन करायला येताय; नवी मुंबईतल्या घणसोलीच्या प्रकल्पग्रस्तांच्या बैठकीला जरूर या, पण पहिल्याच दिवशी माईक हातात घेऊ नका. भाषणं करणारे आमच्याकडे पोत्यानं आहेत. घोडं अडतं ते कागदावर. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या १९८४ सालच्या जासईच्या आंदोलनात गोळीबारात माणसं गेली, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना पदरात पडली. तरी आजही एखाद्या आजींची फाईल अडते, का? तर सातबाऱ्यावर वारसाचं नाव चढलेलं नाही. फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, लावून बघा, माहिती अधिकाराचा अर्ज नेमका लिहून द्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर अपील. मुलाखती घेतल्यात तर टिपणं मराठीत गावाला परत द्या. शोधनिबंध सावकाश लिहा. (प्रमोशनसाठी आलेले लगेच ओळखू येतात हो.) गावकऱ्यांची नावं छापण्याआधी त्यांना विचारा; त्याच सरकारी ऑफिसात उद्या खेटे त्यांनाच घालायचे असतात.