तणाचं बी खाणारे किडे असतात का? त्यांच्यावर तण आटोक्यात येतं का?

तुम्ही विचारलंय की तणाचं बी खाणारे किडे खरंच असतात का, आणि ते विकत कुठे मिळतील. असतात, आणि विकत आणायची गरज नाही, ते तुमच्या बांधावरच आहेत. मुंग्या, रातकिडे आणि रात्री ढेकळांखालून बाहेर पडणारे काळे भुंगेरे.

आमचं शेत इंदूरजवळ, सांवेरच्या बाजूला. सोयाबीन निघाल्यावर बांधावरची मुंग्यांची बिळं बघण्यासारखी असतात. तोंडाभोवती फिकट कोंड्याचं कडं असतं. चिमूटभर तळहातावर घेऊन पाहिलं की कळतं, सगळी सावा आणि इतर गवताची टरफलं. दाणे आत गेलेले.

मेख अशी की हे किडे मुख्यतः उघड्यावर पडलेलं बी खातात. बोटभर मातीखाली गेलेलं बी बहुतेक वाचतं आणि पुढे वर्षानुवर्षं उगवत राहतं. पीक काढल्याबरोबर नांगर घातला की ते बी आपणच जपून ठेवतो. म्हणून जो तुकडा रब्बीला पडीक राहणार आहे, तो दोन-तीन आठवडे तरी हलवू नका. गहू-हरभऱ्याच्या रानात ओल उडून जाते, तिथे मी हा आग्रह धरणार नाही. वाळवीसाठी जमिनीत ओतलेलं क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक मुंग्या-भुंगेऱ्यांनाही मारतं, तेव्हा गरज नसताना ते वापरू नका, बांधावर तर नकोच.

तुमच्याकडे हे काम किती होतंय ते घरच्या घरी तपासता येतं. सँडपेपरच्या तुकड्यावर सावाचं बी मोजून हलक्या गोंदाने चिकटवा, संध्याकाळी जमिनीलगत ठेवा, सकाळी मोजा. शेजारी दुसरा तुकडा तारेच्या जाळीखाली ठेवलात तर उंदीर-पाखरांनी किती खाल्लं तेही वेगळं कळेल.

गाजर गवतावरचा मेक्सिकन भुंगेरा या कामाचा नाही. १९८४ मध्ये तो बंगळूरला सोडला गेला, पण तो पानं खातो. आणि कच्चं शेणखत टाकत राहिलात तर नवं बी येतच राहणार. खत कुजताना चांगलं तापलं की बरंचसं बी मरतं. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथे इंदुरातच बसवलेल्या कंपोस्ट पद्धतीत ढीग असाच तापतो.

लव्हाळा गाठींवर वाढतो आणि केना जमिनीखालीही बी धरतो, तिथे किड्यांची मात्रा चालत नाही. या दोघांना खुरपंच लावा, आणि केना फुलायच्या आत.