मोर्चा बांधतात की काढतात?

पंचवटीतल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: "मोर्चा काढतात, नेतात, अडवतात. मग निवडणूक जवळ आली की पेपरात 'मोर्चेबांधणी' कशी सुरू होते? मोर्चा कधी बांधतात का? आणि शब्द 'मोर्चाबांधणी' असायला नको का?"

बांधत असत, ताई, आणि तोही दगडमातीने. मोर्चा हा फारसीतून आलेला, वेढ्याच्या लढाईतला शब्द. तटावरून येणारे गोळे चुकवायला खंदक खणायचे, बांध घालायचे, त्याआड तोफा आणि माणसं बसवायची. ती जागा म्हणजे मोर्चा. एका मोर्च्याने गड घेरला जात नाही, चारी बाजूंनी लागतात. म्हणून मोर्चे बांधायचे, आणि म्हणून मोर्चेबांधणी. घोडेस्वार, डोळेझाक यांच्याच पंगतीतला हा शब्द, 'मोर्चाबांधणी' नको.

उदाहरणासाठी लांब जायला नको. पेठ रस्त्याला रामशेज किल्ला दिसतोच. १६८२मध्ये औरंगजेबाचा सरदार शहाबुद्दीन खान त्याला मोर्चे लावून बसला. तटाच्या उंचीला भिडून मारा करता यावा म्हणून त्याने लाकडाचा उंच दमदमा, म्हणजे बुरूजही उभारला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. मराठ्यांनी लाकडं पोखरून, त्यांवर चामडं मढवून तोफा केल्या, असं इतिहासकार खाफीखान लिहितो, आणि तो मोगलांच्या बाजूचा. शहाबुद्दीनला रिकाम्या हाताने जावं लागलं. (पेपरातल्या मोर्चेबांधणीची बातमी वाचून हुरळणाऱ्यांनी एकदा रामशेज चढून यावा.)

मग हा बसलेला मोर्चा चालायला कधी लागला? माझा तर्क असा: वेढ्यात मोर्चे रोज थोडे थोडे तटाकडे सरकवत. त्यातून 'शत्रूसमोरची फळी' हा अर्थ आला आणि पुढे ती फळी सरकारच्या दारावर चालून जाऊ लागली. हिंदीत जुना अर्थ अजून जागा आहे. देवळालीच्या तोफखान्यातल्या जवानाला 'मोर्चा सँभालो' म्हटलं तर तो आपली जागा धरेल, घोषणा देणार नाही. आपल्याकडे मात्र २०१८च्या मार्चमध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेला.

'मोर्चा वळवणे'ही तोफांकडूनच आलेलं दिसतं. लग्नात "पाहुण्यांनी मोर्चा जिलबीकडे वळवला" म्हणतो, तेव्हा रोख बदललेला असतो, मिरवणूक निघालेली नसते.