गोधड्यांचं पोतं बांधण्याआधी

नाशिकरोड, रविवार

चि., अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईने गच्चीवर वाळत घातलेल्या गोधड्या दाखवल्या. सोळा मोजल्या मी. युक्रेनमधल्या खारकीवला पाठवायच्या म्हणून कॉलनीतल्या बायकांनी दिलेल्या. मार्च २०२२मध्ये तिथल्या युद्धातून पोलंडमार्गे तू परत आलास, तेव्हा तिथल्या घरमालकीण आजींनी वाटेसाठी बांधून दिलेल्या पावाबद्दल किती वेळा बोलला होतास. त्यामुळे मदत का करायची, हे तुला विचारत नाही. गोधड्या मात्र पाठवू नकोस.

१९९३ला किल्लारीच्या भूकंपानंतर आम्हीही ट्रकभर कपडे घेऊन गेलो होतो. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला आधीच ढीग पडलेले, पावसात भिजलेले. त्यात एक येवल्याची पैठणी होती आणि तिच्यावर शेळी बसली होती. देणाऱ्या बाईने कपाटातलं सगळ्यात चांगलं काढून दिलं असणार. तिथल्या लोकांना हवे होते छपराचे पत्रे आणि दोर. आम्ही आमचा ट्रकही त्याच ढिगावर रिकामा करून आलो, हे मी फारसं कुणाला सांगत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या साध्या घरांनी युरोपला खोकी पाठवली. त्यासाठी १९४५ला २२ संस्थांनी मिळून ‘केअर’ काढली आणि पहिली खोकी मे १९४६मध्ये फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात उतरली. सुरुवातीची खोकी म्हणजे लष्कराकडे उरलेला शिधा, दहा शिपायांना एक दिवस पुरेल एवढा. घरी कुणी खोकं बांधत बसायचं नाही. दहा डॉलर भरायचे, माल संस्था पोचवायची. मला त्यातली पावती फार आवडते. खोकं हातात पडलं की घेणाऱ्याची सही देणाऱ्याकडे परत यायची.

आपल्याकडचंही सांगतो. नोव्हेंबर १९७१पासून पूर्व बंगालच्या निर्वासितांसाठी पाकिटावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ असा शिक्का छापलेला. देशाची तिकिटं तेव्हा आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापली जात. आपल्या घरची आजी कुरकुरायची, पण दुसरं तिकीट मला चिकटवायला द्यायची. पाच पैशांत काय होणार, असं तेव्हा वाटायचं. जवळजवळ एक कोटी माणसं सीमा ओलांडून आली होती.

तेव्हा आधी खारकीवच्या आजींना फोन कर आणि सरळ विचार. औषध लागेल, पॉवर बँक लागेल, कदाचित खिडकीची काच लागेल. तिथे मिळणारी वस्तू तिथेच घेऊ देत. गोधडीच्या वजनाला विमानभाडं लावून बघ, म्हणजे कळेल.

पैसे बँकेतून पाठव, ए-टू फॉर्म भरून, पॅन देऊन. परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, भेट आणि देणगी दोन्ही त्यात बसतात. आपण काही त्या आकड्याच्या वाऱ्यालाही उभे राहणार नाही. पण कॉलनीची वर्गणी तुझ्या खात्यात गोळा करू नकोस. हे गणपतीच्या पावतीपुस्तकासारखं नाही. ज्याला द्यायचंय त्याने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावाने द्यावं. थोडे लोक गळतील. गळू देत.

आणि आजींकडे फोटो मागू नकोस. ‘मिळालं’ एवढा मेसेज आला की तीच पावती. कॉलनीच्या ग्रुपवर टाकायला म्हाताऱ्या बाईला हातात पिशवी धरून उभं करायचं, हे मला बघवणार नाही.

गोधड्या आईला आत घ्यायला सांग. डिसेंबरात रामकुंडावर उघड्यावर झोपणारे किती असतात ते तू पाहिलंयस. थंडी पडली की रात्री दहाला स्कूटर घेऊन येतो, दोन फेऱ्यांत होईल. तोवर आजी काय म्हणाल्या ते कळव.

तुझा,
काका