अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये कोच जॉन वुडनला एवढं का मानतात?

साधं कारण म्हणजे १२ सीझनमध्ये १० एनसीएए टायटल (म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांची राष्ट्रीय चॅम्पियनशिप), त्यातली ७ तर ओळीने (१९६७ ते ७३), आणि मधे त्याची टीम सलग ८८ मॅच हरलीच नाही. आजच्या काळात कोणी याच्या आसपास जाईल असं मला तरी वाटत नाही.

पण लोक एक गोष्ट विसरतात. गडी यूसीएलएला (लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी) आला १९४८ ला आणि पहिलं टायटल मिळालं थेट १९६४ ला, म्हणजे १६ वा सीझन! आता कोच दोन वर्षं हरला की नारळ देतात हातात.

पद्धत पण भारी होती त्याची. सीझनच्या पहिल्या दिवशी पोरांना मोजे कसे घालायचे ते शिकवायचा, अगदी बोटांपासून टाचेपर्यंत हात फिरवून एकही सुरकुती राहता कामा नये, कारण सुरकुती म्हणजे फोड आणि फोड आला की पोरगं बाकावर. बिल वॉल्टनसारखा स्टार एकदा दाढी वाढवून आला, म्हणाला हा माझा हक्क आहे, तर वुडन म्हणे बरोबर आहे तुझं, पण टीमला तुझी आठवण येईल. वॉल्टन गेला गपचूप दाढी करायला.

अल्सिंडर (नंतरचा करीम अब्दुल-जब्बार) आणि वॉल्टनसारखे उंच प्लेअर मिळाले म्हणून जिंकला असंही म्हणतात, त्यात थोडं तथ्य आहेच, पण १९६४ च्या टीममध्ये ६ फूट ५ इंचाच्या वर एकही स्टार्टर (मॅच सुरू करणाऱ्या पाचांपैकी) नव्हता, तरी ३० पैकी ३० मॅच जिंकल्या.