झाड गेले, बुडखा राहिला
घर-अंगण : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या परसात दोन सुबाभळी आणि कुंपणाच्या भिंतीला अगदी लागून एक गुलमोहर होता. नगरपालिकेची रीतसर परवानगी घेऊन गेल्या उन्हाळ्यात तिन्ही झाडे तोडली. वखारवाल्याने लाकूड नेले, पण बुडखे जमिनीलगत कापून तसेच ठेवले. पावसाळ्यात सुबाभळीच्या बुडख्यांना पुरुषभर उंचीचे धुमारे फुटले. आता तेथे भाजीचे वाफे करायचे आहेत. फाटक सात फुटांचे असल्यामुळे जेसीबीवाला म्हणतो की, एक खांब पाडावा लागेल. शेजारी चेन कप्पी भाड्याने आणायला सांगतात, तर घरातील वडीलधाऱ्यांच्या मते बुडख्यात हिंग भरला की काम झाले. यांपैकी काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपली अडचण करवतीच्या शेवटच्या फेऱ्यात झाली आहे. वखारवाला लाकूड वजनावर विकतो, त्यामुळे जमिनीपर्यंत मिळेल तेवढे खोड तो नेणारच. पण ते खोड कमरेइतके उंच राखले असते, तर त्याच्या शेंड्याला साखळी बांधून बुडखा दोन्ही बाजूंना हलवता आला असता. उंच खोड ही बुडखा काढणाऱ्याला मिळालेली आयती तरफ असते आणि ती कापून टाकली की तेवढेच काम कित्येक पट जोर लावून करावे लागते. ज्यांची झाडे अजून उभी आहेत आणि तोडण्याची परवानगी हातात आहे, त्यांनी वखारवाल्याशी व्यवहार ठरवतानाच ही गोष्ट बोलून घ्यावी; लाकडाचे चार पैसे कमी आले तरी चालतील.

हिंगाचा उपाय आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मात्र धुमारे फुटतात ते सालीखालच्या सुप्त डोळ्यांतून आणि त्यांना पोसते ते मुळांत साठलेले अन्न. त्यावर चिमूटभर हिंगाचा परिणाम होईल, असे मानण्यास काही आधार नाही. शिवाय बुडखा मेला तरी लाकूड जागेवरच राहते. मीठ आणि मोरचूद यांचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण ज्या मातीत उद्या मेथी आणि वांगी लावायची, तिच्यातच ते मुरून बसतात.

आता यंत्राविषयी. ज्याला आपण सरसकट जेसीबी म्हणतो, ते मागे खोदणारा हात आणि पुढे भरणारे सूप असलेले चाकांचे यंत्र साधारण साडेसात फूट रुंद असते आणि त्याचे वजन साडेसात टनांच्या आसपास भरते. जेसीबीवाला आपल्याला फसवत नाही. सात फुटांच्या फाटकातून ते खरोखरच जाणार नाही. परंतु दोन बुडख्यांसाठी खांब पाडण्याआधी गावात किंवा जवळच्या शहरात मिनी पोकलेन मिळते का, ते विचारावे. रबरी पट्ट्यांवर चालणारे हे छोटे यंत्र साडेतीन ते पाच फुटांच्या वाटेतून आत येते, फरशीही फारशी उखडत नाही आणि सुबाभळीच्या बुडख्याला त्याची ताकद बहुधा पुरते. भाडे तासावर असते, किमान तासांची अट असते आणि यंत्र आणण्या-नेण्याचा खर्च वेगळा लावला जातो. म्हणून तास कोणत्या क्षणापासून मोजायचा, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. यंत्र येईपर्यंत बुडख्याभोवतीचे रान साफ करून, धुमारे छाटून, चारी बाजूंनी दीड फूट खोल चर खणून ठेवला, तर चालकाला मुळ्या डोळ्यांना दिसतात आणि दोन तासांचे काम एका तासात आटोपते. चालकाला आधी बाजूच्या मुळ्या तोडायला सांगावे. पहिल्याच फटक्यात बुडख्याखाली दात घालून उचलण्याची चालकांना सवय असते आणि त्यात खड्डा विनाकारण मोठा होतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे जमिनीखाली काय आहे, ते यंत्र येण्यापूर्वी माहीत करून घेणे. आमच्या जुन्या घरी उंबराचा बुडखा काढताना हा धडा आम्हाला मिळाला. बुडखा सुपात आला, वर उचलला गेला आणि त्याच्यासोबत मुळीच्या विळख्यात सापडलेला अर्धा इंची लोखंडी नळही वर आला. पुढचे दोन दिवस आम्ही शेजाऱ्यांच्या नळावर कळशा भरत होतो आणि तो नळ त्या जागी घालणारे आमचे आजोबा भिंतीवरच्या तसबिरीतून पाहत होते. पाण्याची, सांडपाण्याची आणि विजेची वाट घरातील जुन्या माणसाला विचारून चुन्याने जमिनीवर आखून ठेवावी. सेप्टिक टँकवरून तर कोणतेही यंत्र जाऊ देऊ नये. वरची स्लॅब माणसांच्या वजनासाठी असते, यंत्राच्या नव्हे.

मिनी पोकलेन मिळाले नाही, तर शेजाऱ्यांचा सल्ला वाईट नाही. तीन टनांपर्यंतचे ओझे साखळीने उचलणारी चेन कप्पी आणि लोखंडी पाइपांची तिपाई बांधकामाचे साहित्य भाड्याने देणाऱ्यांकडे दिवसावर मिळते. विहिरीच्या कामाची यारी कोणाकडे असेल तर तीही चालते. मात्र कप्पीच्या आधी कुदळीचे काम आहे. बुडख्यापासून फूट-दीड फूट अंतर सोडून सभोवार दोन फूट खोल चर खणावा, उघड्या पडलेल्या मुळ्यांवर पाइपाने पाणी मारून माती धुऊन काढावी (मातीतल्या खड्यांवर कुऱ्हाडीची धार एका दुपारात जाते आणि चेनसॉची साखळी तर काही क्षणांत बोथट होते) आणि मग एकेक मुळी दोन ठिकाणी तोडून मधला तुकडा काढून टाकावा. एकाच ठिकाणी तोडलेली मुळी बुडखा हलवताना पुन्हा अडकते. आपले बुडखे जमिनीलगत कापलेले असल्यामुळे साखळी अडकवायला वर काही उरलेले नाही. तेव्हा समोरासमोरच्या दोन जाड मुळ्यांचे हातभर खुंट मुद्दाम राखावेत आणि साखळी त्यांच्याखालून घालून बुडखा सरळ वर ओढावा.

सुबाभळीचे सोटमूळ खोल जाते आणि कप्पी ताणली की तेच शेवटपर्यंत धरून ठेवते. येथे एक नियम पक्का लक्षात ठेवावा. कप्पीची हातसाखळी एका माणसाने ओढण्यासाठी असते. ती ओढायला दुसऱ्या माणसाची गरज भासू लागली, तर कप्पीवर तिच्या क्षमतेपेक्षा अधिक भार आला आहे, असे समजून थांबावे, ताण सैल करावा आणि खाली उतरून सोटमूळ करवतीने कापावे. ताण असताना खड्ड्यात कोणीही उतरू नये आणि साखळीच्या रेषेत उभे राहू नये. भाड्याची कप्पी घेताना तिच्या आकड्याची जीभ (अडकवलेली साखळी निसटू न देणारी पट्टी) शाबूत आहे ना, आकडा उघडलेला नाही ना, हे दुकानातच पाहावे. साखळीऐवजी नायलॉनचा दोर वापरू नये, कारण तो ताणला जातो आणि तुटला की चाबकासारखा परत येतो. कप्पी आडवी लावून ओढायची वेळ आलीच, तर तिचे दुसरे टोक घराच्या कॉलमला किंवा कुंपणाच्या खांबाला बांधू नये.

गुलमोहराचा बुडखा आम्ही आपल्या जागी असतो तर काढला नसता. गुलमोहराच्या मुळ्या उथळ आणि लांब पसरतात; त्या भिंतीच्या पायाखालून नक्कीच गेल्या असतील आणि बुडखा उपटताना पायाही उचलला जाईल. तो जमिनीखाली चार-सहा इंच कापून घ्यावा, माथ्यावर गिरमिटाने जवळजवळ भोके पाडावीत, त्यांत शेणाचा काला आणि थोडा युरिया भरावा आणि वर ओल्या मातीचा थर द्यावा. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला नत्र कमी पडते, ते यातून मिळते. गुलमोहराचे लाकूड फार टिकाऊ नसते. दोन-तीन पावसाळ्यांत ते कुदळीने फुटू लागेल. तोवर त्यावर तुळशीची कुंडी ठेवता येईल. मात्र तो बुडखा घराच्या दाराखिडक्यांच्या चौकटींजवळ असता तर हा सल्ला दिला नसता, कारण कुजणाऱ्या लाकडाला वाळवी हमखास लागते.

कामाला मुहूर्त पाऊस संपून जमिनीत वाफसा आल्यानंतरचा धरावा. भर पावसात यंत्र रुतते आणि चैत्र-वैशाखात काळी माती अशी आवळते की पहारही परत उडते. खड्डा भरताना प्रत्येक वीतभर थरावर पाणी सोडून माती धुमसावी आणि तरीही ती खचणार हे धरून चालावे. वाफे लगेच करता येतील, फरसबंदी मात्र पुढचा पावसाळा पाहूनच करावी. एक कागदाची गोष्ट राहिली. शहरी भागातील झाडांना १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे आणि आपल्या सुबाभळी धुमाऱ्यांनी पुन्हा हिरव्या झाल्या आहेत. म्हणून तोडणीच्या परवानगीचे पत्र हाताशी ठेवावे आणि त्यात बुडखे काढण्याचा उल्लेख नसेल, तर उद्यान विभागाला आधी विचारून घ्यावे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. एमराल्ड ॲश बोरर या किडीने मेलेली ॲशची दोन झाडे कंत्राटदाराने तोडली, पण बुडखे काढण्याचे पैसे तो वेगळे मागतो. स्टंप ग्राइंडर भाड्याने आणून मी स्वतः हे काम करू शकेन का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : करू शकाल. पण आपल्याकडे यंत्र भाड्याने घेतले की चालक सोबत येतो आणि चूक झालीच तर ती त्याच्या हातून होते. तेथे यंत्राचा ताबा आणि जोखीम दोन्ही तुमच्याकडे येतात. अमेरिकेत २००२ साली मिशिगनमध्ये प्रथम आढळलेल्या या किडीने ॲशची अगणित झाडे मारली आहेत, त्यामुळे हा प्रश्न तुमच्या गल्लीत आणखी कोणालाही पडलेला असू शकतो. यंत्र दोघांत आणले तर भाडे विभागले जाईल.

यंत्र ठरवण्यापूर्वी काही कामाचे दिवस हातात ठेवून ८११ या क्रमांकावर कळवावे. गॅस, वीज, पाणी आणि दूरध्वनी कंपन्यांची माणसे विनामूल्य येऊन आपापल्या वाहिन्या जमिनीवर रंगाने आखून जातात. पिवळा गॅससाठी, तांबडा विजेसाठी, निळा पाण्यासाठी, नारिंगी दूरसंचारासाठी. मात्र मीटरपासून पुढे तुम्ही स्वतः घातलेली वाहिनी, म्हणजे हिरवळीच्या तुषारांची नळी किंवा अंगणातल्या दिव्यांची तार, ते आखत नाहीत. ती तुम्हालाच शोधावी लागेल.

ग्राइंडर बुडखा उपटत नाही, किसतो. त्याचे चाक बुडख्याच्या कडेवर अलगद टेकवून डावीकडून उजवीकडे फिरवायचे, दोन-तीन इंच किस निघाला की चाक आणखी खाली उतरवायचे; मधोमध एकदम दाबले की यंत्र उसळते. हिरवळ लावायची असेल तर जमिनीखाली सहा-आठ इंच पुरतात, नवे झाड लावायचे असेल तर ते फूटभर बाजूला नव्हे, चांगले दूर लावावे, कारण खालच्या मुळ्या तशाच राहतात. आजूबाजूचे दगड आधी हाताने वेचून काढावेत, कारण चाकाच्या दातांना लागलेला दगड गोळीसारखा सुटतो आणि शेजाऱ्याच्या खिडकीपर्यंत जातो. डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा, कानांवर संरक्षक आणि पायांत जाड बूट असल्याखेरीज यंत्र सुरू करू नये; मुलांना घरात ठेवावे. निघालेला भुसा खड्ड्याच्या दुप्पट दिसतो. तो परत खड्ड्यात भरून वर गवत पेरण्याची चूक पुष्कळजण करतात. कुजताना तो नत्र ओढून घेतो, गवत पिवळे पडते आणि जागा खचते. भुसा काढून बागेतल्या झाडांभोवती आच्छादन म्हणून पसरावा आणि खड्डा मातीने भरावा.

प्रश्न : वादळात वाडीतले चार माड मोडले. बुडखे तसेच राहू दिले तर आपोआप कुजतील, असे सगळे सांगतात. ते खरे आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी तालुका

उत्तर : कुजतील, पण कुजेपर्यंत ते गेंड्या भुंग्याचे बाळंतघर होतील. या भुंग्याची मादी कुजत्या माडाच्या खोडात आणि शेणखताच्या खड्ड्यात अंडी घालते आणि तयार झालेले भुंगे आपल्याच वाडीतल्या उभ्या माडांच्या कोवळ्या सुईत, म्हणजे शेंड्यातल्या न उलगडलेल्या झावळीत शिरतात; पुढे झावळ उलगडते तेव्हा तिची पाती कात्रीने पंखा कापावा तशी तिरकी कातरलेली दिसते. म्हणून माडाच्या बाबतीत बुडखा काढण्याची घाई करावी, असेच आम्ही सांगू.

सुदैवाने हे काम सुबाभळीपेक्षा सोपे आहे. माडाला सोटमूळ नसते. बोटाएवढ्या जाडीची हजारो तंतुमुळे असतात आणि कापलेला माड पुन्हा फुटत नाही. वाडीत गाडीवाट असेल तर जेसीबी मातीच्या गड्ड्यासकट बुडखा सहज उचलतो. चार बुडखे एकाच खेपेत काढून घ्यावेत, म्हणजे किमान भाड्याचा भार पेलतो. वाट नसेल तर पहारीने मुळे तोडत बुडखा एका कुशीवर पाडावा. चेनसॉ भाड्याने आणणार असाल तर जादा साखळी सोबत मागून घ्यावी, कारण माडाचे लाकूड आत मऊ असले तरी बाहेरची कड फार कठीण असते आणि धार लवकर मारते. काढलेले बुडखे वाडीच्या कडेला रचून ठेवू नयेत. चिरून, वाळवून चुलीला लावावेत. यंत्र मिळेपर्यंत महिना-दोन महिने जाणार असतील, तर बुडखा फोडून आतल्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या वेचाव्यात. घरी कोंबड्या असतील तर अळ्या नेऊन टाकण्याचे कष्टही वाचतील.