समुद्रात 'खाण' नसते, सुरुंग असतो

विचारणा अशी: पहिल्या महायुद्धावरच्या एका मराठी लेखात 'ऑडेशस ही ब्रिटिश युद्धनौका समुद्री खाणीवर आदळून बुडाली' असे वाक्य आहे. दुसऱ्या लेखात तीच नौका टॉर्पेडोने बुडाली आहे. 'समुद्री खाण' हा शब्द बरोबर का? आणि ही दोन एकाच वस्तूची नावे का?

दोन्हींचे उत्तर नाही. खाणीतून कोळसा निघतो, मँगनीज निघते. इंग्रजीत 'माइन' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो आणि भाषांतर करणारा कोशातला पहिला अर्थ उचलून मोकळा होतो. विहिरीला कातळ लागला की मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या सुरुंग लावत आला आहे. तोच जमिनीत पुरला की भूसुरुंग, पाण्यात पेरला की पाणसुरुंग. 'सुरुंग डागला' हेही हल्ली सारखे कानावर येते. डागतात तोफ. सुरुंग लावतात, पेरतात, उडवतात.

टॉर्पेडो म्हणजे पाणतीर. तो स्वतःच्या यंत्राने जहाजाकडे धावतो. सुरुंग वाट पाहत राहतो. या फरकावर ऑडेशसच्या बाबतीत काय अवलंबून होते ते पाहा. २७ ऑक्टोबर १९१४ रोजी सकाळी, आयर्लंडच्या उत्तरेला टोरी बेटाजवळ, तोफांच्या सरावासाठी वळताना तिच्या डाव्या बाजूला मागच्या अंगाशी स्फोट झाला. कॅप्टन डॅम्पियर यांना वाटले पाणबुडीने पाणतीर सोडला, आणि त्यांनी तसा इशारा दिला. पाणबुडी असेल तर थांबलेले मोठे जहाज म्हणजे आयते सावज, म्हणून ब्रिटिश आरमाराचे सेनापती जेलिको यांनी आपल्या इतर मोठ्या युद्धनौका तिकडे फिरकू दिल्या नाहीत. ओढून नेण्याचे काम लहान नौकांवर आणि योगायोगाने तिथे आलेल्या ऑलिंपिक या प्रवासी जहाजावर पडले. दोर तुटत राहिले. 'मँचेस्टर कॉमर्स' हे मालवाहू जहाज आदल्याच दिवशी त्याच भागात सुरुंगाने बुडाल्याचे नंतर कळले आणि कोडे सुटले, पण तोवर दिवस गेला होता. रात्री नऊच्या सुमारास दारूगोळ्याचा भडका उडून ऑडेशस बुडाली. ते सुरुंग 'बर्लिन' या जर्मन प्रवासी जहाजाने पेरले होते. ब्रिटिशांनी ही हानी युद्ध संपेपर्यंत अधिकृतपणे कबूल केली नाही.

घोळाचे मूळ जुने आहे, एवढे मान्य. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत पाणसुरुंगालाच 'टॉर्पेडो' म्हणत. १८६४ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात, मोबाइल बे या उपसागराच्या लढाईत 'टेकमसे' ही अमेरिकी नौका ज्या 'टॉर्पेडो'ने बुडाली तो पाणसुरुंगच होता. शब्द लॅटिन, विजेचा झटका देऊन अंग बधिर करणाऱ्या माशाचा. पण १९१४ पर्यंत दोन्ही अर्थ वेगळे झाले होते, तेव्हा आजच्या लेखकाला ही सबब चालणार नाही.

आता सुरुंग. हा शब्द आपल्याकडे ग्रीकमधून आला, आणि याबद्दल मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. संस्कृतात 'सुरुङ्गा' म्हणजे भुयार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो शब्द आहे, आणि महाभारतात लाक्षागृहातून पांडव निसटतात तेही सुरुङ्गेतूनच. ग्रीकमध्ये 'सिरिंक्स' म्हणजे बोरूची पोकळ नळी, त्यावरून बासरी, त्यावरून जमिनीखालचा मार्ग. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने वेढ्यांच्या वर्णनात तटाखाली खणलेल्या भुयारांना हाच शब्द वापरला आहे. विभक्तीची रूपे 'सिरिंग-' या अंगावरून होतात, म्हणजे 'ङ्ग' तयारच आहे. पहिला स्वर प्राचीन उच्चारात 'उ' आणि 'इ' यांच्या मधला होता, म्हणून आपल्याकडे तो 'उ' झाला. डॉक्टरांच्या हातातली 'सिरिंज' ही याच शब्दाची दुसरी संतती आहे.

'सु + रंग' अशी फोड करणाऱ्यांनी अंधाऱ्या भुयारात कोणता चांगला रंग दिसतो ते सांगावे. काही अभ्यासक शब्दाचे मूळ आग्नेय आशियातल्या भाषांत शोधतात. मला ते पटत नाही. परक्यांची विद्या येते तेव्हा तिची परिभाषाही येते. 'होरा', 'केंद्र' आणि 'जामित्र' हे शब्द ज्योतिषाबरोबर ग्रीकमधून आलेच ना? मग वेढ्याच्या विद्येबरोबर 'सुरुङ्गा' आला यात अडचण कुठे आहे?

हिंदीतली 'सुरंग' आजही भुयाराला चालते. मराठीत मात्र भुयाराचा अर्थ मागे पडून आत ठासलेल्या दारूचा अर्थ पुढे आला. या बदलाचे ठळक चित्र साताऱ्याच्या वेढ्यात आहे. एप्रिल १७०० मध्ये औरंगजेबाच्या सैन्याने अजिंक्यताऱ्याच्या तटाखाली भुयारे खणून दारू भरली. एका स्फोटाने तट आत कोसळला आणि किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. दुसऱ्या स्फोटाने तट बाहेरच्या बाजूला पडला आणि हल्ल्यासाठी दाटून उभ्या असलेल्या मोगल सैन्यातले शेकडो लोक गाडले गेले. इंग्रजी 'माइन'चा प्रवासही असाच: भुयार, मग भुयारातली दारू, मग नुसती दारू, मग समुद्र. म्हणून सुरुंग हा त्याचा नेमका प्रतिशब्द ठरतो.

'तरंगता सुरुंग' हे विशेषणही जपून वापरावे. १९१४ चा नेहमीचा सुरुंग पृष्ठभागावर तरंगत नसे, तो पाण्याखाली दोराने बांधलेला असे. सुरुंग आणि त्याची नांगरपेटी एकत्र पाण्यात टाकत. पेटीखाली दोरीला एक वजन लोंबे. सुरुंग जितका खोल हवा तितकीच ती दोरी लांब. पेटी बुडत जाताना सुरुंगाचा दोर उलगडत जाई. लोंबते वजन तळाला टेकले की उलगडणे थांबे आणि पेटी उरलेले अंतर जाताना सुरुंगाला तेवढेच खाली ओढून घेई. ओहोटी मोठी असली की सुरुंग उघडा पडे, आणि प्रवाह जोराचा असला की तो कलून इतका खोल जाई की जहाज वरून सुखरूप निघून जाई. जर्मन सुरुंगांना शिशाची शिंगे असत. शिंग वाकले की आतली काचनळी फुटे, द्राव जस्त आणि कार्बनवर सांडून वीज तयार होई आणि ती वीज स्फोटक पेटवी.

दोर तुटला तरच सुरुंग वाहत सुटतो. १९०७ च्या हेग कराराने सुटलेला सुरुंग लगेच निकामी व्हायला हवा असे ठरवले होते, आणि मुळातच न बांधलेला सुरुंग पेरणाऱ्याच्या ताब्यातून गेल्यावर फार तर एका तासात. सुरुंग मित्र-शत्रू ओळखत नाही. ६ ऑगस्ट १९१४ रोजी 'अँफियन' ही ब्रिटिश नौका 'क्योनिगिन लुइझे'ने पेरलेल्या सुरुंगांनी बुडाली, तेव्हा त्याच जर्मन जहाजावरून पकडलेले कैदीही तिच्यावर मेले.

याच ओघात 'चुंबकीय सुरुंग'. 'तो जहाजाला जाऊन चिकटतो' असे लिहिलेले दिसते, ते साफ चूक आहे. १९३९ चा जर्मन चुंबकीय सुरुंग उथळ पाण्यात तळाशी पडून राही. वरून लोखंडी जहाज गेले की तिथले चुंबकीय क्षेत्र बदले, आतली सुई हले आणि विजेचे मंडल पूर्ण होऊन स्फोट होई. त्याला दोरच नसल्याने, दोर कापून सुरुंग काढण्याची नेहमीची पद्धत निरुपयोगी ठरली. नोव्हेंबर १९३९ या एका महिन्यात सुरुंगांनी एक लाख टनांहून जास्त व्यापारी जहाजे बुडवली. त्याच महिन्यात इंग्लंडच्या किनाऱ्यावर शूबरीनेसच्या चिखलात असा एक सुरुंग सापडला. ब्रिटिश नौदलाचे लेफ्टनंट कमांडर ऊव्हरी यांनी चुंबकाचा परिणाम होणार नाही अशा धातूच्या हत्यारांनी तो उघडला, आणि मग जहाजांभोवती तारेची वेटोळी घालून त्यात वीज सोडून जहाजाचे चुंबकत्व मारण्याचा उपाय सर्वत्र लागू झाला. तेव्हा 'सुरुंग जहाजाखाली फुटला' असे लिहावे.