झाडावरचं घर आणि अर्धवट गोष्ट

प्रश्न : नातवाबरोबर ‘द लॉस्ट वर्ल्ड’ ही जुनी इंग्रजी मालिका पाहिली. आमचे हे म्हणतात, डायनोसॉर रबरी दिसतात. दिसतात खरे! मला मात्र व्हेरॉनिकाचं झाडावरचं घर फार आवडलं, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीपेक्षा ऐसपैस. पण शेवटी सगळे संकटात आणि मालिका खलास. पुढचे भाग कुठे मिळतील?
— एक आजी, लालबाग

उत्तर : आजी, कुठेच नाही. ते बनलेच नाहीत. १९९९ ते २००२, तीन पर्वं, ६६ भाग, मग गाशा गुंडाळला. मीही तेव्हा चडफडलो होतो. कॉनन डॉयलच्या १९१२ च्या मूळ कादंबरीत मंडळी सुखरूप लंडनला परततात, तेवढं समाधान माना. तुमची व्हेरॉनिका मात्र त्यात नाही.

नातवाला अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर न्या. तो काळा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातला. आणि रबरी अजिबात नाही. वर गावदेवीचं देऊळ आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे सांभाळा.